मदत हवी आहे : मावशीला ‘पडदा’ कसा समजावू?

मंडळी, मी ऐरोलीला राहते. मावसबहीण २७ वर्षांची, मे महिन्यात लग्न. तिने पाळीसाठी मेन्स्ट्रुअल कप (योनीत बसवायचा, रक्त साठवणारा छोटा मऊ कप) आणला आणि मावशीने घर डोक्यावर घेतलं : "पडदा फाटला तर सासरी काय तोंड दाखवायचं?"

मी सांगून पाहिलं, की हा पडदा, म्हणजे योनिपटल, बाटलीचं सील नव्हे. योनीच्या तोंडाशी असलेली पातळ, लवचिक घडी ती. तिला मुळातच छिद्र असतं, नाहीतर पाळीचं रक्त येतं कुठून? पहिल्या वेळी कित्येकींना रक्त येतच नाही. तपासून कौमार्य कळत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलंय. मावशी म्हणते, "तू काय डॉक्टर आहेस?" (बी.कॉम. आहे. गप्प बसले.)

लघवीची आणि पाळीची वाट वेगळी, हे दोन मुलं झालेल्या मावशीला परवा माझ्याकडून कळलं. तिला तरी कोणी सांगितलं होतं?

तर ऐरोली, वाशी किंवा ठाण्यात मराठीतून, न खेकसता, चित्र काढून समजावणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई कोणाला माहीत आहेत का? दोघींना एकत्र न्यायचंय. आणि ‘योनी’ म्हटलं की मावशी उठून स्वयंपाकघरात जाते. तुम्ही घरी कोणता शब्द वापरता?