मदत हवी आहे : ८ जीबी रॅमवर दोन व्हर्च्युअल मशीन एकत्र चालेनात

अक्षरजुळणी_खानापूर :

नमस्कार मंडळी. खानापुरात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. आपल्या भागात बरंचसं काम दोन्ही भाषांत लागतं, डाव्या पानावर मराठी तर उजव्या पानावर कन्नड. जुन्या सगळ्या फाइली पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) मधल्या आहेत, मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत (दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअरं). दोन्ही एकाच विंडोजवर घातलं की आमच्याकडे कीबोर्डचा गोंधळ व्हायचा. म्हणून माझ्या भाच्याने व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) दोन वेगळी व्हर्च्युअल मशीनं करून दिली. मराठीसाठी विंडोज ७ (३२ बिट), त्याला २ जीबी रॅम. कन्नडसाठी विंडोज एक्सपी, त्याला दीड जीबी.

मूळ कॉम्प्युटर असा : आय५-४५७०, एच८१ बोर्ड, ४+४ अशी ८ जीबी डीडीआर३ रॅम, २४० जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, विंडोज १० प्रो ६४ बिट.

अडचण अशी की मराठीचं मशीन एकटं असलं की चालतं, जरा रेंगाळत का होईना. पण त्याच्या जोडीला कन्नडचं सुरू केलं की माऊससुद्धा अडकत अडकत हलतो. कधी एक्सपी उघडतच नाही, तर कधी चालू असलेलं विंडोज ७ आपोआप पॉझ होतं आणि वर मेसेज येतो, मेमरी घेता आली नाही, काही प्रोग्राम बंद करा. अहवालात मराठी आकडा बदलला की कन्नड पानावरचाही तेव्हाच बदलावा लागतो, त्यामुळे दोन्ही समोरासमोर उघडी हवीत. पतसंस्थेची सभा तोंडावर आली आहे.

सी ड्राइव्हवर ९० जीबी मोकळी आहे. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) वाढवली तर भागेल का? विंडोज ७ ला आणखी रॅम दिली तर वेग येईल का? की व्हर्च्युअलबॉक्सलाच काही मर्यादा आहे? सेटिंगमधली रॅमची पट्टी थोडी पुढे सरकवली की लाल होते. रॅम विकत घ्यायची तयारी आहे, पण उपयोग होणार असेल तरच.

उद्यमबाग_देखभाल :

ताई, उद्यमबागेतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथे जुन्या मशीनची सॉफ्टवेअरं अशीच एक्सपीत कोंडून ठेवावी लागतात, त्यामुळे हा त्रास ओळखीचा आहे.

मर्यादा व्हर्च्युअलबॉक्सची नाही, तुमच्या ८ जीबीची आहे. लाल पट्टी म्हणजे मूळ विंडोजला पुरेशी रॅम उरणार नाही, एवढा इशारा.

पेजफाइलचा इथे उपयोग नाही. क्रोमसारख्या प्रोग्रामची पडून असलेली मेमरी विंडोज डिस्कवर ढकलू शकतं. व्हर्च्युअलबॉक्स मात्र पाहुण्या, म्हणजे आत चालणाऱ्या, मशीनची रॅम खऱ्या रॅममध्ये कुलूप लावून ठेवतो, ती पेजफाइलमध्ये जात नाही. त्यात पाहुणा विंडोज असला की तो सुरू होतानाच आपल्या वाट्याच्या मेमरीची सगळी पानं (तुकडे) शून्य करून घेतो. म्हणजे आत पेजमेकर ३०० एमबीच वापरत असला तरी तुमचे २ जीबी पूर्ण गेले. पंगतीत ताट मांडलं की जेवणारा येवो न येवो, तेवढी जागा अडलीच. आणि ही रॅम टास्क मॅनेजरच्या प्रोसेस यादीत व्हर्च्युअलबॉक्सच्या नावावर नीट दिसतही नाही. बेरीज जुळत नाही म्हणून लोक बुचकळ्यात पडतात.

विंडोज ७ ला रॅम वाढवून वेग येणार नाही. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढचं बघतच नाही, आणि पेजमेकरला तेवढी लागतही नाही. उलट कमी करा. विंडोज ७ ला दीड जीबी आणि एक्सपीला ५१२ एमबी या कामाला भरपूर झाली.

पण मला एक गोष्ट खटकते. तुमचं एकटं मशीनही रेंगाळतं म्हणता. २ जीबी देऊन तसं व्हायला नको. एक करा, दोन्ही मशीनं बंद ठेवून टास्क मॅनेजर उघडा, मेमरीवर क्लिक करून सगळ्यात वर काय येतं ते इथे लिहा. आणि विंडोज ७ चालू असताना व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतं का तेही बघा.

अक्षरजुळणी_खानापूर :

बघितलं. दोन्ही बंद असताना ७.९ पैकी ५.२ जीबी वापरात. सगळ्यात वर व्हीएममेम नावाचं काहीतरी, २.१ जीबी. त्याच्या खाली क्रोम. आणि हो, कासव आहे! मला वाटायचं ते व्हर्च्युअलबॉक्सचं चिन्हच असेल. हे व्हीएममेम काय आहे? काढून टाकलं तर चालेल?

चिकोडी_लिनक्स :

व्हीएममेम म्हणजे डब्ल्यूएसएल २. विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय. भाचा इंजिनिअरिंगला आहे का? कॉलेजच्या कामासाठी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) किंवा डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) घातलं असणार. डब्ल्यूएसएल २ हेही खरं तर एक व्हर्च्युअल मशीनच आहे, आणि काही सांगून ठेवलं नाही तर ते एकूण रॅमच्या निम्मी घेऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबीपर्यंत. एकदा घेतलेलं लवकर सोडत नाही, कारण लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशेला लावून टाकतं.

आत्ताच्या आत्ता मोकळी करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये डब्ल्यूएसएल टाइप करा, जागा सोडा, दोन डॅश देऊन लगेच शटडाऊन लिहा, एंटर. २ जीबी लगेच परत येतील. डॉकर डेस्कटॉप लॉगिनबरोबर सुरू होत असेल तर तेही बंद करा, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा तेच.

उद्यमबाग_देखभाल :

बरोबर, आणि कासवाचं कारणही तेच. डब्ल्यूएसएल २ साठी विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीनं चालवणारा थर) चालू होतो. मग प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय तो आधी ताब्यात घेतो आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. त्यातून वेग पडतो, आणि एक्सपीसारख्या जुन्या पाहुण्याला तर फारच.

हिशेब मांडून बघा. मूळ विंडोज आणि क्रोम ३.१, व्हीएममेम २.१, विंडोज ७ चे २, एक्सपीचा दीड. बेरीज ८.७. तुमच्याकडे ७.९. म्हणून दुसरं मशीन सुरू केलं की पहिलं पॉझ होत होतं. तुमच्या पेजमेकरचा यात काही दोष नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोजचे फीचर चालू-बंद करायची यादी आहे. तिथे हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म यांच्यावरची टिक काढा आणि रीस्टार्ट करा. तरीही कासव राहिलं तरच विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करा. ती सुरक्षेची सोय आहे, गरज नसताना हात लावू नका. आणि हे सगळं करायच्या आधी भाच्याला त्याचं काम कॉपी करून घ्यायला सांगा, कारण त्याचं डब्ल्यूएसएल २ चालायचं थांबेल.

निपाणीकर :

मला एक समजत नाही. २००१ सालचा पेजमेकर आणि सपोर्ट संपलेला एक्सपी अजून किती वर्षं ओढायचा? सगळं युनिकोडमध्ये घ्या, एकाच विंडोजवर मराठी आणि कन्नड दोन्ही सुखाने टाइप होतं. रॅमचा प्रश्नच उरत नाही.

अक्षरजुळणी_खानापूर :

दादा, नवीन काम आम्ही युनिकोडमध्येच करतो. पण पतसंस्थेचा अहवाल म्हणजे मागच्या वर्षीची फाइल उघडून आकडे बदलायचे असतात. त्यात ताळेबंदाचे रकाने, संचालकांची नावं, जोडाक्षरं सगळं त्या फॉन्टवर बसवलेलं. कन्व्हर्टरमधून काढलं की मराठीत रफार जागा सोडतो, कन्नडमध्ये ओत्तक्षरं (तिथली जोडाक्षरं) विस्कटतात, आणि मग ओळ न् ओळ तपासायला दोन्ही भाषा येणारा माणूस बसवावा लागतो. सभासदाच्या नावात एक अक्षर चुकलं तर तो माणूस अहवाल हातात घेऊन दुकानात येतो, आणि त्याचं बरोबरच असतं. हळूहळू सगळं बदलणार आहे, पण सभेच्या तोंडावर नाही.

निपाणीकर :

पटलं ताई. तसं असेल तर एक करा, दोन्ही जुन्या मशीनचं नेटवर्क पूर्ण काढून टाका. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये. त्यांना इंटरनेट दाखवूच नका. फाइल बाहेर काढायला शेअर्ड फोल्डर पुरे. आणि ज्या दिवशी एकाच भाषेचं काम असेल त्या दिवशी दुसरं मशीन बंद न करता सेव्ह स्टेट करून ठेवा. त्याची रॅम डिस्कवर फाइल होऊन जाते, मूळ विंडोजला ती जागा परत मिळते, आणि उघडाल तेव्हा पेजमेकर होता त्याच पानावर असतो. एसएसडी आहे तुमच्याकडे, वेळ लागणार नाही. फक्त श्रीलिपीचं डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) यूएसबी फिल्टरमध्ये घालून ठेवा, म्हणजे मशीन उठल्यावर आपोआप जोडलं जाईल.

चिकोडी_लिनक्स :

डोंगल आहे म्हणूनच हायपर-व्हीकडे, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीकडे, वळू नका, कोणी सुचवलं तरी. तिथे लागेल तशी रॅम कमी-जास्त करायची सोय आहे हे खरं, पण यूएसबी डोंगल मशीनला सरळ जोडता येत नाही.

भाच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्येच उबुंटू सर्व्हर घाला, डेस्कटॉप नको. २ जीबीत डॉकरचं शिकण्यापुरतं काम होतं. तुमचं ३, विंडोज ७ चं दीड, एक्सपीचं अर्धा, त्याचं २, असे ७ होतात. बसतं, पण क्रोमच्या टॅब कमी ठेवायच्या. प्रोसेसरला चारच कोर आहेत, तेव्हा कुठल्याही मशीनला दोनपेक्षा जास्त देऊ नका. एक्सपीला एकच द्या.

अक्षरजुळणी_खानापूर :

सगळं केलं. भाचा शनिवारी बेळगावहून आला तेव्हा त्याच्यासमोरच टिक काढल्या, त्याने आपलं सामान आधी पेन ड्राइव्हवर घेतलं. कासव गेलं, त्या जागी आता वेगळंच चिन्ह आलं आहे. विंडोज ७ दीड जीबीवर आणि एक्सपी ५१२ वर, दोन्ही उघडी असताना टास्क मॅनेजर ५.३ दाखवतो. आत्ता डावीकडे मराठी ताळेबंद आणि उजवीकडे कन्नड, एकाच स्क्रीनवर समोरासमोर आहेत. एक्सपी इतका झटपट उघडतो हे मला माहीतच नव्हतं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एवढंच विचारते. भाच्याचं उबुंटू आलं की ओढाताण होणार, म्हणून १६ जीबी करून घ्यावी का? ३२ बसते का? बेळगावला जाणंच आहे, पण डीडीआर३ आता कुणी ठेवतं की नाही ठाऊक नाही.

उद्यमबाग_देखभाल :

घ्या, तिन्ही मशीनं चालवायची तर १६ जीबीचा उपयोग नक्की होईल. ३२ मात्र बसणार नाही. एच८१ बोर्डाला दोनच स्लॉट आणि प्रत्येकात ८ जीबीपर्यंतच, म्हणून दोन आठ-आठच्या पट्ट्या. डेस्कटॉपची लांब पट्टी लागते, लॅपटॉपची छोटी नाही. डीडीआर३ १६०० मागा. जुनी मिळाली तरी चालेल, पण स्वस्तातल्या काही ८ जीबी पट्ट्यांवर फक्त एएमडीसाठी असं बारीक लिहिलेलं असतं. तसली तुमच्या इंटेल बोर्डावर चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. मूळच्या चारच्या पट्ट्या टाकू नका, एखादी नवी बिघडली तर हाताशी राहतील.

लावल्यावर विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक एकदा रात्रभर चालवा आणि मगच अहवालाला हात लावा. आणि यूपीएस नसेल तर रॅमच्याही आधी तो घ्या. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. लिहिता लिहिता लाईट गेली तर विंडोज ७ ची सगळी डिस्कफाइलच खराब होऊ शकते, आणि तुमची इतक्या वर्षांची कामं त्या एका फाइलमध्ये आहेत. आज संध्याकाळी मशीनं बंद केलीत की दोन्ही व्हीडीआय फाइली (मशीनच्या डिस्कफाइली) बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा, मशीन सेव्ह स्टेटमध्ये असताना नको, पूर्ण शटडाऊन करूनच. रॅम घेताना बिलावर पट्टीचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि नाही चालली तर बदलून देणार का ते आधीच विचारा. नंबर इथे टाकलात तर पैसे द्यायच्या आधी मी बघून सांगतो.