तुरटी, वाळूचा फिल्टर, यूव्ही... तरी पाणी पिवळसर का?

कळंबा_पाणी: वसतिगृहासाठी कळंब्याजवळच्या तळ्यातून तासाला २००० लिटर पाणी घेतो. तुरटी, वाळूचा फिल्टर, मग जंतू मारायला ४० मिलिज्यूल प्रति चौ. सेंमी. डोसचा यूव्ही (अतिनील) दिवा. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत आहे, तरी पहिल्या पावसापासून ग्लासात कोऱ्या चहासारखी झाक दिसते. फिल्टरनंतर विरघळलेला सेंद्रिय कार्बन ६ मिग्रॅ/लिटर, २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण ०.२४ प्रति सेंमी. मोठा दिवा लावला तर रंग जाईल का?

जलतपासणी: मोठ्या दिव्यावर पैसे घालू नका. ही झाक कुजक्या पाल्यातल्या ह्युमिक आम्लांची आहे. ४० चा डोस जंतूंसाठी. हे रेणू तोडायला शेकड्यांत, कधी हजारात डोस लागतो. शिवाय ०.२४ शोषण म्हणजे सेंटीमीटरभर पाण्यातून ५८ टक्केच प्रकाश पार होतो. दिव्याच्या माहितीपत्रकात किती पारगम्यता (हाच पार होणाऱ्या प्रकाशाचा टक्का) धरलीय ते आजच बघा. तिथे ७५ किंवा जास्त असेल, तर जंतूंपुरता डोससुद्धा मिळत नाहीये. तोवर प्रवाह कमी करा आणि प्यायचं पाणी उकळूनच द्या.

आता तुरटीने ही झाक जाईल का ते बघू. शोषण गुणिले १०० भागिले सेंद्रिय कार्बन: २४ ÷ ६ = ४. असं पाणी तुरटीला चांगलं दाद देतं. २ च्या खाली असतं तर तुरटीने फारसं साधलं नसतं.

जार_टेस्ट: तुरटीचा डोस गढूळपणा बघून ठरवलाय, तिथेच चुकतंय. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा. त्यातले १ मिली एका लिटरला टाकले की १० मिग्रॅ. सहा भांड्यांत २० ते ७० मिग्रॅ. एक मिनिट जोरात, वीस मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास निवळू द्या. वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून २५४ नॅनोमीटरला शोषण मोजा. सामू (पीएच) ६ च्या आसपास ठेवा, ७.५ ला ह्युमिक नीट धरत नाही. पावसाळी पाण्यात क्षारता (आम्ल पचवायची ताकद) कमी असते, तुरटीने सामू एकदम कोसळतो. म्हणून प्रत्येक भांड्याचा सामू लिहून ठेवा. फिल्टरनंतर चुन्याने परत वर आणा.

कळंबा_पाणी: आणि यूव्हीआधी हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं तर?

जलतपासणी: रंग उडतो, पण कार्बन बहुतेक तसाच राहतो, मोठ्या रेणूंचे तुकडे होतात आणि तेच जंतूंचं खाद्य. मग ते खाद्य आधीच संपवायला पुढे सक्रिय कोळशाचा जैविक थर हवाच, नाहीतर टाकीत बुळबुळीत थर धरतो. उरलेलं पेरॉक्साइड क्लोरीनही खातं, १ मिग्रॅला जवळपास २ मिग्रॅ. तुमच्या आकाराला हे परवडायचं नाही.

आणि क्लोरीन द्यायचंच, पण तुरटी आणि फिल्टरनंतर. ह्युमिक असताना आधी दिलं तर क्लोरोफॉर्म वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्याची मर्यादा ०.२ मिग्रॅ/लिटर आहे.

जार_टेस्ट: दिव्याची क्वार्ट्झ नळीही काढून बघा. तांबूस थर असेल तर लोहाचा; सायट्रिक आम्लाने पुसा, घासू नका.