हायड्रॉलिक तेलातली ॲडिटिव्ह : गरज की धंदा?

मोशीचा फिटर
काल तेलात मिसळलेल्या रसायनांवरून एका महाशयांनी ठोकून दिलं, "ॲडिटिव्ह म्हणजे कंपन्यांची लूट. ६८ नंबर असला की बास, कुठलंही ओता." डोकंच फिरलं. अहो, ६८ हा नुसता दाटपणा, ४० अंशाला मोजलेला. आत काय घातलंय ते तो आकडा सांगत नाही. व्हेन पंपात पात्याची कड रिंगवर दाबून घासते. तेलाचा थर तुटला की झेडडीडीपीनं, म्हणजे झीज रोखणाऱ्या जस्ताच्या ॲडिटिव्हनं, धातूवर धरलेला पातळ लेपच तिला वाचवतो. परवाच एका मोल्डिंग मशीनचा पंप उघडला. स्वस्तातलं साधं ६८ भरलेलं. रिंगवर आतून अशा वळ्या उठलेल्या की बोट फिरवलं तरी लागत होत्या.

पोकलेनवाला, माण
ते महाशय मीच. माझ्या मशीनला पिस्टन पंप आहे, तुमची व्हेनची पुराणं मला नकोत. तेल तापलं, पाणी शिरलं की तेच जस्त पिस्टनच्या टोकाच्या ब्राँझच्या शूजना, म्हणजे घासणाऱ्या टोप्यांना, खातं. म्हणून तर आता जस्तमुक्त तेल काढलंय. आधी घालायचे पैसे, मग काढायचे पैसे!

मोशीचा फिटर
जस्तमुक्त म्हणजे ॲडिटिव्हमुक्त नव्हे! झीज रोखायला त्यात जस्ताशिवायची गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. शिवाय गंज, फेस, ऑक्सिडेशन यांची वेगळी. सगळं मिळून शंभरात एखादा भाग, आणि त्यावरच तुमचा पंप उभा.

ऊसवाला
आमच्या ट्रॉलीचा जॅक कायम इंजिन ऑइलवर. काही झालं नाही.

मोशीचा फिटर
जॅकला काय होणार, दिवसातून दोनदा उचलतो. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट पाणी तेलातच धरून ठेवतं. हायड्रॉलिक तेलातून ते तळाला बसतं, नट ढिला करून काढता येतं.

पोकलेनवाला, माण
मग कॅटरपिलर कंपनी स्वतःच्या मशीनच्या हायड्रॉलिकला १०डब्ल्यू ग्रेडचं इंजिन ऑइल कसं चालवते? ते अडाणी का?

मोशीचा फिटर
चालवते, मान्य. पण जस्त किमान ९०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९०० भाग हवं, असंही तीच सांगते. तेवढी ओळ बरी गाळलीत!

भंगार ते बॅरल
तुमचं जस्त राहू द्या, कॅनमध्ये तेल तरी खरं आहे का? तेल बदललं की मिस्त्री रिकामा कॅन 'राहू द्या माझ्याकडं' म्हणतो. तो कॅन जातो कुठं? चांगले पैसे देऊन घेणारे आहेत. त्यातच जुनं तेल गाळून परत आपल्याच गळ्यात.

गॅरेजवाला, फलटण
झालं, आले मिस्त्रीवर! दुकानदाराकडून कमिशन कोण मागतं, मी का तुमचा ड्रायव्हर? बिल न घेता सुटं तेल मालक आणतो आणि पंप गेला की शिव्या आम्हाला.

भंगार ते बॅरल
लागलं वाटतं! सगळे मिस्त्री म्हणालो नव्हतो.

गॅरेजवाला, फलटण
"मिस्त्री" म्हणालात. वर वाचा. माझ्याकडं प्रत्येक कॅनला गिऱ्हाइकासमोर ड्रिलनं भोक पाडतो. तुम्ही पाडता का?

ऊसवाला
भोक पाडलं तर आम्ही डिझेल कशात आणायचं?

मोशीचा फिटर
विषय ॲडिटिव्हचा होता, मंडळी.

पोकलेनवाला, माण
बरं बाबा, तुमचं जस्त थोर. पुढच्या सर्व्हिसला मॅन्युअलमधलंच तेल भरतो. पण दुकानदार वर ती 'बूस्टर'ची बाटली गळ्यात मारतो, ती तरी लूट म्हणू द्याल का?

मोशीचा फिटर
ती लूटच. कंपनीनं बसवलेलं प्रमाण बिघडतं. फेस मारायचं सिलिकॉन जास्त झालं तर तेलातली बारीक हवा सुटायलाच वेळ लागतो, पंप ओरडतो.

पोकलेनवाला, माण
म्हणजे अर्धा मी बरोबर होतो!

गॅरेजवाला, फलटण
कमिशनचं उत्तर अजून आलं नाही.