७८च्या जुन्या तबकड्या: तुम्हाला कोणत्या आवडतात, कोणत्या नाही?

मिरजेचा_नातू:

नमस्कार मंडळी. आजोबा गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली तर आत साधारण साठ तबकड्या निघाल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. कागदी पाकिटं वाळवीने खाल्लीयत पण तबकड्या धड आहेत, बहुतेक कुत्राछाप म्हणजे एचएमव्हीच्या, काही ओडियन कंपनीच्या आणि चार-पाच यंग इंडिया कंपनीच्या. गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की दोन-तीन लावतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' लागली की माझी नववीतली मुलगी पण मोबाईल उलटा ठेवून बसते. आम्ही मिरजेचे, खाँसाहेबांच्या आठवणीत दर्ग्यात गाण्याचा उत्सव होतो त्याला लहानपणापासून जातोय, त्यामुळे थोडा अभिमानही असेल, पण तो झिंझोटी राग खरंच आत जातो. आता अडचण सांगतो. बालगंधर्वांच्या नऊ तबकड्या आहेत आणि त्यातली एकही मला शेवटपर्यंत ऐकवत नाही. आवाज पातळ आणि चिरका, गाणं मागे कोणी लागल्यासारखं पळतंय, आणि सगळ्यावर सर्र सर्र. आजोबा गंधर्वांचं नाव निघालं तरी हळवे व्हायचे हो, म्हणून हे लिहितानाही मला अपराधी वाटतंय. टर्नटेबल सेकंडहँड घेतलाय, एलपीचाच आहे पण त्याला ७८चं बटण आहे. तुम्हा जुन्या लोकांना काय आवडतं, काय नाही, आणि हे असं प्रत्येकाचं होतं का?

पिनवाला_पुणे:

दादा, आधी त्या नऊ तबकड्या लावायचं थांबवा. बटण ७८चं असलं तरी सुई एलपीचीच असणार. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांश) सुई लागते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पण नसते, मग ती खाचेच्या तळाशी जाऊन कचरा खरवडत बसते आणि तुम्हाला सर्र सर्र ऐकू येतं. ७८ची सुई वेगळी मिळते, बहुतेक कार्ट्रिजना बसते. ती लावा आणि दोन्ही चॅनेल जोडून मोनोवर ऐका, निम्मी खरखर तिथेच जाते.

दुसरं म्हणजे वेग. जुन्या तबकड्या सगळ्या ७८वरच भरलेल्या असतात हा गैरसमज आहे. मायक्रोफोनवरचं इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग १९२५ नंतर आलं, त्याआधी कर्ण्यासमोर तोंड करून गायचे आणि मशीन कधी ७४वर तर कधी ८०वर फिरायचं. ७४ची तबकडी तुम्ही ७८ने लावलीत तर जवळजवळ अर्धा स्वर वर चढतो, म्हणजे पेटीवरची काळी एक पांढरी दोनच्या अगदी जवळ जाते, आणि लयही तेवढीच पळते. मग गंधर्व चिरके वाटले तर त्यात नवल काय! पिच कंट्रोल असेल तर वेग हळूहळू उतरवा आणि शेजारी पेटी घेऊन बसा. तबकडीतल्या पेटीचा सूर तुमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच लटकत असेल तर बहुधा वेग चुकलाय. काही तबकड्यांत गाणारा शेवटी आपलं नाव सांगतो, ती तर सोन्यासारखी खूण, कारण बोलण्याचा आवाज चुकीच्या वेगाला लगेच खोटा वाटतो.

माझी आवड विचाराल तर कर्ण्यासमोरच्या काळातलंच. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्डिंगवाला गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचं गाणं भरून घेतलं, ती शेवटी 'माय नेम इज गौहरजान' असं ओरडते ना, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायच्या आणि तिथल्या माणसांना लेबलावर नाव कोणाचं घालायचं ते कळावं म्हणून. मला ती घोषणा गाण्याइतकीच आवडते. त्याहून आवडते जोहराबाई आग्रेवाली. बाई १९१३ला गेली, म्हणजे जे काही आहे ते सगळं कर्ण्यासमोरचंच, आणि तरी तो आवाज खोलीत उभा राहतो. नावडतं एकच, तबकडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून घासूनपुसून गुळगुळीत केलेली ट्रान्सफर. खरखरीबरोबर तानेची धार जाते, तानपुरा जातो, श्वास जातो. मला खरखर चालेल, मेलेला आवाज नको.

सुमन_फोंडा:

पिनवाले काकांचं सुईबद्दलचं सगळं बरोबर, पण सगळा दोष मशीनला देऊ नका हं. माझ्याकडे सुई योग्य, वेग योग्य, तरी मला नाट्यपदांच्या तबकड्या फारशा आवडत नाहीत. रंगभूमीवर जे पद वन्समोअर घेत घेत पाव तास चालायचं ते तीन मिनिटांत कोंबलेलं असतं, मुखडा, दोन ताना, संपलं. ऐकून भूक लागते नुसती. खयालवाल्यांना ती तीन मिनिटं जास्त कळली असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या केसरबाई केरकर घ्या. केरी गाव आमच्याहून फार लांब नाही म्हणून म्हणत नाहीये, पण त्यांच्या तबकडीत पहिल्या आवर्तनापासून राग पूर्ण उभा असतो, उगाच आलाप कापल्यासारखा वाटत नाही. १९७७ला व्हॉयेजर यानाबरोबर जी भैरवी आकाशात गेली, 'जात कहाँ हो', ती पण साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचीच आहे, कुठे काही राहून गेलं असं वाटतं का सांगा. माझी आई स्वयंपाक करता करता ती ऐकायची आणि सम आली की लाटणं पोळपाटावर आपटायची, अजून तो ठोका माझ्या कानात आहे.

मोगूबाई कुर्डीकरांच्या ७८ फार थोड्या, त्याचं दुःख आहे. आणि या दोघींचे गुरू अल्लादिया खाँसाहेब, त्यांची तर एकही तबकडी नाही, ते दुःख कोणाला सांगायचं.

बुधवार_रविवार:

पुण्याच्या जुन्या बाजारात मी गेली बावीस वर्षं बुधवारी नाहीतर रविवारी असतोच, म्हणून हे नाव. माझी आवड जरा वेगळी आहे, मला मोठ्या नावांपेक्षा कोणालाच नको असलेल्या तबकड्या आवडतात. पोवाडे, कीर्तनाचे तुकडे, दोन माणसांच्या विनोदी नकला, कुठल्याशा शाळामास्तरांनी म्हटलेली पदं. मिरजेच्या दादांकडे ज्या यंग इंडिया आहेत ना त्या कृपा करून फेकू नका. मुंबईत वडाळ्याला त्यांचा कारखाना होता, १९३५च्या सुमारास सुरू झाला, मोठे कलाकार बड्या कंपन्यांकडे बांधलेले म्हणून यांनी हौशी गाणाऱ्यांना बोलावलं. बरेच संग्राहक नाक मुरडतात, गाणं कच्चं आहे, छपाई खरखरीत आहे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्या काळी घरोघरी बायका-पुरुष कसे गात असतील ते मला तिथेच ऐकू येतं.

नावडतं म्हणाल तर नुसत्या दुर्मिळपणासाठी घेणं. बाहेर ७८ बंद होत आल्या तेव्हा आपल्याकडे कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात बीटल्सच्या पण ७८ छापल्या, आता त्यांच्यामागे परदेशातून लोक लागतात, हरकत नाही, पण ती घेणारे बरेचसे सुई सुद्धा टेकवत नाहीत. तबकडी कपाटात ठेवायला आहे का?

आणि ऑनलाइन घेताना जपून. मागच्या वर्षी मी मास्टर कृष्णरावांची एक मागवली, भास्करबुवा बखल्यांचं गाणं भरलेलंच नाही ना कुठे, मग शिष्यांतून शोधायचं, मास्तर नि गंधर्व, तर विकणाऱ्याने वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली. या तबकड्या लाखेच्या, लाख काचेसारखीच ठिसूळ, उघडलं तर तीन तुकडे. मोडलेल्या कडेला हात लावला तर बोटाला काळी भुकटी लागली, दगडाची पूड नि काजळी. लेबलवाला तुकडा अजून ठेवलाय मी, टाकवत नाही.

मिरजेचा_नातू:

सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितोय कारण सुई यायला दहा दिवस लागले. काल रात्री लावली. आधी बुरशी होती ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब टाकून मऊ फडक्याने गोल गोल पुसली, लेबल कोरडं ठेवून. मग 'नाथ हा माझा' लावली, मुलगी पेटीवर बसली, ती क्लासला जाते, आणि मी वेग उतरवत गेलो. साधारण ७५च्या जवळ सूर पट्टीवर बसला आणि आवाज एकदम खाली आला, म्हणजे गोल झाला, तोच माणूस आहे असं वाटेना. 'हा' वर तो जो हलका हेलकावा आहे तो मला आजपर्यंत ऐकूच आला नव्हता. दोनदा ऐकली. आजोबा हीच लावून आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे, बोटं हातावर हलायची, ती बोटं कशावर हलत होती ते काल कळलं.

पण सुमनताई, तुमचंही पटलं. नऊपैकी तीनच मला मनापासून आवडल्या, बाकी ठीक. खाँसाहेब अजून पहिलेच.

एक राहिलं. त्यातल्या एकीला कडेपासून आत दीड इंच भेग आहे, दर फेऱ्याला टिक टिक वाजते, पण गाणं पूर्ण लागतं. वाजवत राहू का?

पिनवाला_पुणे:

एकदा नीट रेकॉर्ड करून घ्या, मग उभी ठेवून द्या, आडव्या थप्पीत नको, वजनाने भेग पुढे सरकते. आणि पुसताना स्पिरिट चुकूनही वापरू नका, लाख विरघळते. ती भेगवाली कोणाची आहे ते सांगाल का? माझ्याकडे जोडी असली तर तुम्हाला देईन.