प्रति: बाळंतपणानंतर रेंगाळलेला खोकला

ताई, वहिनींना बाळंत होऊन दोन महिने झाले तरी खोकला जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर बऱ्याच जणींनी काढे सुचवलेत. मी आधी विचारेन, घरात धुरी-शेगडी चालू आहे का? बंद खोलीतला ओवा-वावडिंगाचा आणि कोळशाचा धूर खोकला बरा होऊ देत नाही. तो आजच थांबवा, बाळाच्या फुप्फुसांनाही वाईटच.

बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? एनालाप्रिल ही बीपीची गोळी चालू असेल तर कोरडा, खवखवणारा खोकला त्या गोळीनेही येतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना बदलून मागा. सर्दी-तापानंतरची ढास आठ आठवडेही टिकते, दमा किंवा ॲसिडिटीही असू शकते.

पण दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायलाच हवी. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत टीबी डोकं वर काढू शकतो, आणि अशक्तपणा, वजन उतरणं हे सगळं ‘अंगावर पाजतेय ना’ म्हणून सोडून दिलं जातं. याचा मला फार राग येतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आडवं झाल्यावर दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, पाय सुजतात, असं काही असेल तर आजच दाखवा. बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत हृदय कमजोर होण्याचा एक आजार होतो, तो इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत कळतो. छातीत अचानक दुखून धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.

आणि कोडीन (अफूच्या जातीचं औषध) असलेलं कफ सिरप अंगावर पाजणाऱ्या आईला देऊ नका.