जिप्सम बोर्डच्या भिंतीला भोक पडले आहे, तातडीने मदत हवी

वाकडवासी : आमच्या घरातील हॉलच्या जिप्सम बोर्डच्या (दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेल्या जिप्समच्या तक्त्यांच्या) पोकळ पार्टिशनला दाराची मूठ आपटून भोक पडले आहे. एका रंगाऱ्याने पूर्ण बोर्ड बदलावा लागेल असे सांगून अवाच्या सव्वा पैसे मागितले, तर दुसरा फोनच उचलत नाही. शनिवारी पाहुणे येणार आहेत. पुट्टी भरून भागेल का, एवढेच कृपया सांगावे.

निवृत्त स्थापत्य : भोक केवढे आहे? दोन्ही बाजूंचे बोर्ड फुटले आहेत की एकच? जवळपास वायरिंग किंवा ओल आहे का? नाडी न पाहता औषध कसे देणार?

शनिवारपेठी : एवढ्या चौकशीची गरज नाही. वर्तमानपत्राचा बोळा आत कोंबावा आणि वरून पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) भरावे. आमच्या फॉल्स सीलिंगला हेच केले होते आणि ते आजही शाबूत आहे.

निवृत्त स्थापत्य : सीलिंगवर दार आपटत नाही. बोळ्याचा आधार हा आधारच नव्हे. शिवाय पीओपी काही मिनिटांतच घट्ट होत असल्याने नवख्या हाताला ते सपाट करणे जमत नाही, आणि जोडाला टेप नसेल तर कडेने तडा जातोच.

वाकडवासी : भोक तळहाताएवढे आहे, एकाच बाजूचा बोर्ड फुटला आहे. स्विचबोर्ड वीतभर अंतरावर आहे, पण त्याचा येथे काय संबंध?

निवृत्त स्थापत्य : संबंध असा की करवत वायरवर जाऊ शकते, म्हणून आधी मेन स्विच बंद करावा. नुसती पुट्टी मागे आधार नसल्यामुळे आत ढासळेल. भोक कापून नीट चौकोनी करावे आणि चौकोनापेक्षा लांब अशा दोन लाकडी पट्ट्या आत सरकवून त्या शाबूत बोर्डातून २५ मिमीच्या स्क्रूने आवळाव्यात. त्यांवर त्याच जाडीचा, बहुधा १२.५ मिमी, तुकडा बसवावा. स्क्रूचे डोके बोर्डावरील कागदाच्या किंचित आत जावे, पण कागद फाटू नये, कारण स्क्रूची पकड त्या कागदावरच अवलंबून असते. मग जोडांवर फायबर जाळीची टेप लावून जॉइंटिंग कंपाउंडचे (जोड भरण्याच्या पुट्टीचे) दोन-तीन पातळ हात द्यावेत, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा.

सिपोरेक्सप्रेमी : मुळात ही भिंत पाडून सिपोरेक्स ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) बांधावी. जिप्समवर जड टीव्हीसुद्धा धड टांगता येत नाही.

वाकडवासी : टीव्ही टांगायचा नाही, महोदय. तळहाताएवढ्या तुकड्यासाठी सहा बाय चार फुटांचा अख्खा बोर्ड घ्यावा लागेल का?

कोथरूडची गृहिणी : मुळीच नाही. जवळ कोठे फॉल्स सीलिंगचे काम सुरू असेल तर कारागिराकडे मागावा. असे तुकडे ते राडारोड्यातच टाकतात. लाकडी पट्ट्या पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये मिळतील. मात्र पावसाळी हवेत कंपाउंड वाळायला वेळ लागतो, त्यामुळे शनिवारचा हट्ट धरू नये. पाहुण्यांपुरते तेथे कॅलेंडर लावावे. पॉलिश पेपर आणि प्रायमर झाल्यावर रंग ठिगळापुरता न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला द्यावा, आणि दाराला स्टॉपर आजच बसवावा.