एसएटीची उत्तरं मैत्रिणींशी जुळवताना

ताई, उत्तरं मैत्रिणीशी जुळेनात म्हणून लेक परीक्षेपासून नीट जेवली नाही, हे वाचून फार वाईट वाटलं. दोघींसमोर एकच पेपर होता हे मुळात धरूच नका. एसएटी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा, भारतात २०२३ पासून संगणकावर होते. वाचन-लेखनाचे २७-२७ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटं. पहिला भाग कसा गेला त्यावरून दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. म्हणजे 'मला ते फार अवघड गेलं' हे उलट चांगलं लक्षणही असू शकतं. शिवाय प्रत्येक भागातले दोन प्रश्न गुणांत धरतच नाहीत, ते फक्त तपासून पाहायला घातलेले असतात. ती ज्यावरून रडतेय तो त्यातलाच असला तर?

पूर्वी लांबलचक उतारा आणि त्यावर दहा-अकरा प्रश्न असायचे, त्यामुळे मुलांना तो आठवायचा तरी. आता २५ ते १५० शब्दांचा उतारा, त्यावर एकच प्रश्न. पर्यायांत फरक एखाद्या 'नेहमी' किंवा 'बहुधा'चा. तो शब्द आठवत नसेल तर जुळवणी कशाची करणार?

आणखी एक, कळकळीनं सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकणं नियमात बसत नाही, गुण रद्द होऊ शकतात. तिला आजच ग्रुपमधून बाहेर पडायला सांगा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही सांगा. पुन्हा बसायचंच असेल तर ब्लूबुक या एसएटीच्याच ॲपवर पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत.